बोटांखाली लागणारी नाडी

गेल्या पावसाळ्यात आमच्या वॉर्डात नव्याने रुजू झालेली एक अधिपरिचारिका सकाळच्या राउंडपूर्वी ताप, नाडी आणि श्वास यांचा टीपीआर चार्ट भरत होती. तिची चाल झपझप होती आणि अक्षर सुरेख होते. रुग्णाच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटरचा चिमटा लावायचा, तोवर दुसऱ्या हाताने तापाची बंदूक कपाळासमोर धरायची, चिमट्याच्या पडद्यावरचे दोन आकडे उतरवून घ्यायचे आणि पुढच्या खाटेकडे वळायचे, असे तिचे चालले होते. नऊ नंबरच्या खाटेवर एक वयस्कर शेतकरी होते. त्यांच्या नावापुढे तिने नाडी ८८ लिहिली, ऑक्सिजन ९७ लिहिला आणि ती दहा नंबरकडे गेली. आजोबांनी मनगट उताणे करून हात चादरीवर पुढे ठेवला होता, तो त्यांनी बराच वेळ मागे घेतला नाही. मी तिथे गेले, त्या मनगटावर तीन बोटे ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिले. नाडी चुकत होती. दोन ठोके नीट, तिसरा अर्ध्यातच विरलेला, मग एक मोठी पोकळी, मग घाईघाईने पुन्हा दोन. चिमट्याने त्या सगळ्याची सरासरी काढून एक सभ्य आकडा दिला होता. ईसीजी काढला, एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, निघाले, उपचार सुरू झाले. त्यात विशेष काही नाही, मेडिसिन वॉर्डात अशा नाड्या नेहमीच सापडतात. मला टोचत राहिले ते त्या मुलीचे उत्तर. ‘अगं, नाडी हाताने का नाही बघितलीस?’ असे विचारल्यावर ती सरळ म्हणाली, ‘सिस्टर, आम्ही शिकलो तेव्हा पेशंटला हात लावायचाच नव्हता ना.’

तिचे खरे होते.

ती २०१९ च्या अखेरीस जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, आली. पहिल्या वर्षाच्या मुलींना वॉर्डात नेऊन खाट कशी करायची, स्पंजिंग कसे द्यायचे, तोंडाची निगा कशी राखायची हे दाखवायला नुकती कुठे सुरुवात झाली होती, तोच कोरोनाचा मार्च उजाडला आणि वसतिगृह रिकामे झाले. पुढचे शिक्षण मोबाइलवर. घरात रेंज मिळत नाही म्हणून ती मळ्यातल्या पाण्याच्या टाकीवर चढून बसायची आणि तिथून तास ऐकायची, हे तिने मला नंतर डबा खाताना हसत सांगितले. बँडेज बांधण्याचे प्रकार तिने धाकट्या भावावर केले आणि खाटेवरची अंघोळ आजीवर. आजी चांगली धडधाकट असल्यामुळे तिला हा अपमान वाटायचा. पुढे मुलींना वॉर्डात परत बोलावले तेव्हा अंतर ठेवा, मास्क काढू नका, कामापुरतेच जवळ जा, ही वाक्ये तिथल्या भिंतींवर चिकटवलेली होती. आम्हा जुन्या सिस्टरांच्या लेखी ते आणीबाणीचे नियम होते आणि कधीतरी ते उठणार होते. तिला मात्र हे काम पहिल्यापासून तसेच करायचे असते असे शिकवले गेले. तिच्या वरच्या वर्गांतल्या मुलींचे तर आणखी वेगळे. ३ मे २०२१ रोजी केंद्राने जाहीर केले की बीएस्सी आणि जीएनएम झालेल्या परिचारिकांना पूर्णवेळ कोविडच्या कामावर घ्यावे आणि ज्यांची शंभर दिवस ड्यूटी होईल त्यांना सरकारी भरतीत प्राधान्य द्यावे. हातात प्रमाणपत्र नुकतेच पडलेल्या किती तरी मुलींनी पगारावर असताना पहिली सलाईन लावली ती दुहेरी हातमोज्यांतून, घामेजल्या गॉगलमधून.

आमच्या वेळच्या पाठ्यनिर्देशिका, म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर, कडक होत्या. नाडी पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायची चोरवाट त्यांना चालत नसे. पूर्ण एक मिनिट मोजायची आणि आकडा सांगण्याआधी नाडीचा स्वभाव सांगायचा. भरलेली आहे की बारीक, दाबली तर बुडते की टिकते, सरळ चालते की अडखळते. तेव्हा ऑक्सिमीटर आमच्या रुग्णालयात एकच होता, तो ऑपरेशन थिएटरमध्ये असे आणि बाकीच्या वेळी कुलपात. त्या एका मिनिटाची किंमत मला पुष्कळ उशिरा उमगली. तेवढा वेळ माणसाचा हात आपल्या हातात असतो आणि आपल्याला दुसरे काही करता येत नाही, त्यामुळे बघावेच लागते. त्वचा कोरडी आहे की चिकट, नखे निळसर आहेत की फिकी, श्वास पोटातून चाललाय की खांद्यातून, बोलताना वाक्य पुरे होते की मध्येच तुटते. साखर उतरलेल्या माणसाचा गार घाम हाताला लागला की तो पुन्हा विसरत नाही. बॅक केअर देताना माकडहाडावरची आणि टाचेवरची लाली दिसते, आणि ती त्या दिवशी दिसली तर पुढची जखम टळते. शिवाय पाठ चोळताना बायका बोलतात. समोरासमोर डॉक्टरांना न सांगितलेली लघवीची जळजळ, घरची मारहाण, संपून महिना झालेल्या गोळ्या हे सगळे पाठ आपल्याकडे असताना बाहेर येते. केस पेपरवर डॉक्टर जी हिस्ट्री लिहितात, तिच्यातला बराच भाग कोणा सिस्टरच्या हाताला आधी कळलेला असतो, पण तो तिच्या नावावर कुठे लागत नाही.

साथीने सर्वांत आधी हा हात काढून घेतला. पीपीई किटविषयी इतके लिहून आले आहे की आता त्यातली घुसमट वाचणाऱ्यालाही पाठ झाली असेल. सहा तास पाणी नाही, लघवी नाही, पाळी आली तर डायपर, आणि किट फाडून टाकायची चैन परवडत नाही म्हणून त्यातच पुढचे दोन तास. मला आठवतो तो डॉफिंगच्या, म्हणजे किट उतरवण्याच्या, खोलीत, एकेक थर काढताना, आतले हातमोजे उलटे झाल्यावर मनगटातून गळणारा घाम आणि धुणे धुतल्यावर होतात तशी सुरकुतलेली बोटे. त्या बोटांना घरी गेल्यावर बराच वेळ काही समजत नसे, चहाचा कप गरम आहे की नाही तेही. आणि वॉर्डात त्याच बोटांनी शीर शोधायची असे. शीर ही मुळात दिसत नाही, ती बोटाच्या टोकाला लागते. हलकी दाबली की खाली जाते, सोडली की वर येते. सत्तरीतल्या, पाणी कमी पडलेल्या, आधीच चार ठिकाणी टोचलेल्या हातात ती दुहेरी रबरातून शोधायची, वर गॉगलवर वाफ धरलेली. अनुभवी सिस्टरांचे नेम चुकू लागले तेव्हा पहिल्यांदा आम्हाला कळले की इतकी वर्षे आपण डोळ्यांनी नव्हे, बोटांनी काम करत होतो. मग आमच्यातल्या काहींनी युक्त्या काढल्या. गरम पाण्याची पिशवी दोन मिनिटे हाताला लावायची, दंडाला पट्टी जरा वरून बांधायची, गॉगलच्या आतून भांडी घासायच्या साबणाचा हात फिरवून घ्यायचा. हे कुठल्याही प्रशिक्षणात नव्हते, ते शिफ्टमधून शिफ्टकडे ओव्हर देताना गेले.

छातीवर मार्करने नाव लिहायची पद्धत आमच्याकडेही आली. एकीने नावाखाली गावाचेही नाव लिहिले. त्या बाजूचा एक रुग्ण वॉर्डात आला आणि त्याला एवढा धीर आला की त्याने दुसऱ्या दिवशी तिच्याकडे थेट आपल्या विहिरीची आणि भावकीची तक्रार मांडली. बाकी रुग्ण आम्हाला चालीवरून आणि आवाजावरून ओळखत. चेहरा त्यांनी कधी पाहिलाच नाही. बरे होऊन गेलेली माणसे आजही बाजारात समोरून येतात आणि ओळख न देता निघून जातात, त्यांचा त्यात दोष नाही.

जेवू घालण्याविषयी मात्र फारसे कुणी लिहीत नाही, म्हणून ते जरा सविस्तर सांगते. बायपॅपचा, म्हणजे दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा, मास्क नाकातोंडावर घट्ट आवळलेला असतो, पट्टे डोक्यामागे, गालांवर वळ उठलेले. भूक मेलेली असते, पण पोटात काही गेले नाही तर श्वासाच्या स्नायूंना बळ राहत नाही. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक कारकून आमच्याकडे होते. घरून गेटवर डबा येई, त्यात मीठ घातलेली तांदळाची पेज आणि कडेला कागदात बांधलेले मेतकूट. मास्क वर उचलायचा, चमचा तोंडात द्यायचा, डोळे मॉनिटरवर. ऑक्सिजनचा आकडा ९३ चा ९० व्हायला एक घोट पुरे. दुसरा चमचा गिळेपर्यंत ८६. लगेच मास्क खाली, पट्टा आवळायचा, आणि आकडा ९२ वर चढेपर्यंत वाट पाहायची. मग पुढचा चमचा. घाईने दिला तर ठसका लागतो, आणि अशा फुप्फुसांना ठसका परवडत नाही. एका वाटीला पाऊण तास सहज जाई, आणि त्या पाऊण तासात बाकीच्या खाटांवरचे अलार्म वाजत असत. ते गृहस्थ मास्कमधून बोलू शकत नसत, म्हणून हाताने खूण करून सांगत, पुरे झाले, तिकडे बघा. मी मुद्दाम त्यांच्याकडे न बघता मेतकूट कालवत असे. ते घरी गेले. त्यांच्या शेजारच्या दोन खाटांवरची माणसे घरी गेली नाहीत, आणि त्यांनाही मी किंवा कोणीतरी असेच भरवले होते. रुग्णाच्या चार्टमध्ये या पाऊण तासाला कोणताही रकाना नाही. ‘तोंडावाटे २०० मिली’ एवढेच लिहिले जाते.

आता जे सांगायचे आहे ते थोडे अवघड आहे, कारण त्यात अभिमान आहे आणि त्याच्यामागोमाग राग आहे. त्या काळात डॉक्टर राउंडपुरते आत येत. संसर्ग कमी लोकांना व्हावा यासाठी तशीच व्यवस्था ठरलेली होती आणि संख्या कमी असल्यामुळे दुसरा मार्गही नव्हता. आत सतत असत त्या सिस्टर, ब्रदर, मामा आणि मावशी. रात्री तीन वाजता काचेपलीकडून फोन यायचा, ‘सिस्टर, तुम्हीच बघा आणि सांगा.’ आणि आम्ही बघायचो आणि सांगायचो. शुद्धीवरच्या रुग्णाला पोटावर झोपवले तर ऑक्सिजन वाढतो हे एव्हाना सर्वांना ठाऊक झाले होते, पण कोणाला, केव्हा, किती वेळ, हे खाटेशी उभे असलेल्यालाच ठरवता येते. पोट सुटलेल्या माणसाला छातीखाली एक, कमरेखाली एक आणि नडग्यांखाली एक उशी द्यावी लागते, नाहीतर तो पाच मिनिटांत उलटा होतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पालथे करायला पाच माणसे लागतात आणि डोक्याशी जी असते तिच्या हातात श्वासाची नळी असते, एक-दोन-तीनचा आवाजही तिनेच द्यायचा. हे आवाज आमच्या सिस्टरांनी दिले. हाय फ्लो, म्हणजे नाकातून मोठ्या प्रवाहाने दिला जाणारा ऑक्सिजन, कधी कमी करायचा, बायपॅप सहन न होणाऱ्याला समजावायचे की बांधायचे, कुणाच्या नातेवाइकांना आत्ताच व्हिडिओ कॉल लावून दिला पाहिजे, उद्यापर्यंत थांबू नये, हे निर्णय आम्ही घेतले. कागदावर ते कुणाच्या सहीने गेले हा वेगळा विषय.

एप्रिल २०२१ मध्ये तर हिशेबच बदलला. जंबो सिलिंडरमध्ये साधारण सात हजार लिटर वायू असतो. मिनिटाला पंधरा लिटरने मास्क लावला तर तो आठ तासही पुरत नाही, आणि हाय फ्लो पूर्ण उघडला तर दोन तासही नाही. टँकर कुठल्या घाटात आहे याचे फोन अधिकारी करत होते आणि आत आम्ही खाटेखाटेवर नॉब फिरवत होतो. झोपलेल्या माणसाला कमी पुरतो, जेवणाऱ्याला, शौचाला जाऊन आलेल्याला जास्त लागतो. ९८ दाखवणाऱ्याचा दोन लिटरने कमी केला तर तो ९४ वर सुखाने राहतो, आणि ते दोन लिटर दुसऱ्याला मिळतात. मास्क कपाळावर सरकवून फोनवर बोलणाऱ्याचा ऑक्सिजन तर सरळ छताकडे चाललेला असतो. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती झाली आणि दाब उतरल्यामुळे त्याच दिवशी २२ रुग्ण दगावले. त्या रात्री आमच्या वॉर्डात कोणी त्याविषयी बोलले नाही, पण दर अर्ध्या तासाला कोणी ना कोणी उठून भिंतीवरच्या दाबाच्या काट्याकडे जाऊन येत होते. त्याच सुमारास नंदुरबारमध्ये ‘ऑक्सिजन नर्स’ ही कल्पना राबवली गेली. रुग्णांची पातळी सतत बघायची आणि गरजेप्रमाणे प्रवाह कमी-जास्त करायचा, एवढ्याच कामासाठी परिचारिका नेमायच्या. तिने ऑक्सिजन वाचला, वर्तमानपत्रांत कौतुक झाले, बाकी जिल्ह्यांनी ती उचलली. मला आनंद झाला आणि हसूही आले. बघत राहणे आणि त्याप्रमाणे वागणे हे आमचे दीडशे वर्षांचे काम होते, आणि ते टँकर संपायला आल्यावर दिसले.

कौतुकाचे म्हणाल तर ते पुष्कळ झाले. थाळ्या वाजल्या, ३ मे २०२० रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुले पडली. योगायोगाने ते वर्षच जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि सुईणींचे वर्ष म्हणून जाहीर केलेले होते, कारण फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला १२ मे रोजी दोनशे वर्षे होत होती. त्याच वर्षीच्या त्यांच्या अहवालात जगात ५९ लाख परिचारिका कमी असल्याचे लिहिले होते. त्याचा अर्थ महाराष्ट्राला मे महिन्यातच कळला, जेव्हा राज्याने केरळला पत्र लिहून ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका पाठवण्याची विनंती केली. थाळ्या वाजवणाऱ्या सोसायट्यांनीच कोणाला जिना वापरू नका म्हणून सांगितले, तेही सर्वांनी ऐकले आहे. मला त्याचा आता राग येत नाही. भीती होती, आणि भीती आम्हालाही होती.

नाइटिंगेलबाईंच्या तसबिरीपुढे दिवे लावून आम्ही शपथ घेतली, पण साथीत मला सारखी आठवत राहिली ती सावित्रीबाई. १८९७ च्या प्लेगात मुलाच्या दवाखान्यासाठी रुग्ण आणता आणता, मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घालून आणल्यावर त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यांनी नर्सिंगचे शिक्षण घेतलेले नव्हते. आमच्या वॉर्डातल्या नियमांप्रमाणे त्यांचे वागणे सपशेल चुकीचे ठरले असते, त्यांना आम्ही दारातच अडवले असते आणि ते बरोबरही झाले असते. तरीही पाठीवर घेतलेल्या पोराचे ते वजन मनातून जात नाही. आणखी एक गोष्ट अशी की ज्या साथरोग कायद्याखाली २०२० मध्ये सगळा कारभार चालला, तो त्यांच्या मृत्यूच्या महिनाभर आधी, त्याच प्लेगासाठी केलेला होता. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उचलणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा, ही तरतूद त्यात यायला एप्रिल २०२० चा वटहुकूम लागला.

गेलेल्यांची मोजदाद हा आणखी एक विषय. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने ऑक्टोबर २०२० मध्ये ४४ देशांतून १,५०० परिचारिका गेल्याचे सांगितले, आणि हा आकडा अपुरा आहे असेही सांगितले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२१ पर्यंत जगभरातले ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी दगावले असावेत असा अंदाज मांडला. या दोन टोकांमध्ये एक लाखाचे अंतर आहे, आणि त्या अंतरात कोण कोण आहे ते कुणाला माहीत नाही. आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने संसदेत सांगितले की आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंची माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही. त्यावर डॉक्टरांच्या संघटनेने ३८२ डॉक्टरांची आपली यादी जाहीर केली. ती केलीच पाहिजे होती. ती यादी वाचताना मात्र माझ्या डोळ्यांपुढे कंत्राटावरच्या, ठेकेदाराच्या हजेरीपटावरच्या, नाव एका वहीत आणि पगार दुसऱ्या वहीत असलेल्या मुली आणि मावश्या येत होत्या. विम्याचे पन्नास लाख मिळवण्यासाठीही आधी गेलेली व्यक्ती कोविडच्या ड्यूटीवर होती हे सिद्ध करावे लागे, आणि ते सिद्ध करणारा कागद बहुधा इतरांच्या कपाटात असे.

राग कशाचा ते आता सांगते. त्या दोन वर्षांत निर्णय आमच्याकडे आले, ते पहिली संधी मिळताच परत गेले. जबाबदारी मात्र आमच्याकडेच राहिली. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळून अकरा रुग्ण गेले. दोन्हीकडे कारवाई झालेल्यांमध्ये परिचारिका होत्या, नगरला तर एका डॉक्टरांबरोबर तीन परिचारिकांना अटक झाली. कोणाचे काय चुकले ते तपासणे न्यायालयाचे काम आहे, त्यात मी पडत नाही. पण वायरिंग कुणी तपासायची, आग विझवणारी यंत्रणा बसवायची की नाही, एका रात्रीला किती खाटांमागे किती सिस्टर ठेवायच्या, यांपैकी एकाही प्रश्नावर त्या बायकांना आयुष्यात कधी कुणी मत विचारले नसेल, हे मला खात्रीने माहीत आहे. अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका हे प्रमाण आम्ही पुस्तकात वाचले आणि परीक्षेत लिहून मार्क मिळवले. प्रत्यक्षात ते मी पाहिलेले नाही.

साथ ओसरल्यावर जम्बो कोविड केंद्रे बंद झाली आणि त्यांच्याबरोबर तिथल्या नेमणुकाही. मे २०२२ मध्ये राज्यभरच्या परिचारिका कंत्राटी भरतीच्या विरोधात आझाद मैदानावर बसल्या आणि मग संपावर गेल्या, तेव्हा वाहिन्यांवर ‘रुग्णांचे हाल’ अशी पट्टी चालली. दोन वर्षांपूर्वी याच बायकांसाठी दिवे लावले होते, हे कुणाला आठवले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही ते आठवून द्यायचा कंटाळा आला होता. आता माझ्या वॉर्डातल्या नव्या मुली रात्रपाळीत औषधांची ट्रॉली लावून झाली की मोबाइलवर जर्मन शिकतात. तिकडच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी २०२४ मध्ये महाराष्ट्राने कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आहे आणि साथीनंतर परिचारिकांची मागणी सगळ्याच श्रीमंत देशांत वाढली आहे. पहाटे चारला सक्शनच्या घरघरीत पलीकडून ‘देर, दी, दास’ ऐकू येते. त्यांनी जावे असेच मला वाटते. आणि त्या गेल्यावर सकाळची ड्यूटी लिस्ट कशी भरायची हेही वाटते.

साथीने सगळे बिघडवलेच असेही नाही, हे लिहिले पाहिजे. २०२० पूर्वी क्षयरोगाच्या वॉर्डात आम्ही तोंडाला रुमाल लावून वावरलो आहोत. एन-९५ मास्क स्टोअरमध्ये असत, मागितले तर ‘आहेत तेवढेच आहेत’ असे उत्तर मिळे. आज तो हक्काने मिळतो. हात धुण्याची जागा प्रत्येक वॉर्डात झाली, ऑक्सिजनची पाइपलाइन शेवटच्या खाटेपर्यंत आली, बायपॅप हाताळायला घाबरणारी सिस्टर आता सापडत नाही. त्यामुळे हातमोजे फेकून द्या असे मी त्या मुलीला कसे म्हणू? ते तिचे रक्षण करतात. माझ्या बरोबरीच्या सिस्टरसुद्धा आता खाटेपासून हातभर मागे उभ्या राहून बोलतात, हे मी बघते आहे. त्यांच्या पायांनी ते अंतर शिकून घेतले आहे आणि साथ संपल्याचा आदेश पायांपर्यंत पोहोचलेला नाही. मला स्वतःला अजूनही बाजारात, लग्नात, कुठेही एखादा माणूस वाक्य अर्धे तोडून श्वास घेताना दिसला की मी त्याचे श्वास मोजू लागते. मुलगा म्हणतो, ‘आई, तू त्यांच्याकडे टक लावून बघतेयस.’

नऊ नंबरच्या प्रसंगानंतर मी त्या मुलीला रागावले नाही आणि तिला भाषणही दिले नाही. दुसऱ्या दिवसापासून नव्या मुलींना सकाळच्या वेळी एकेक करून सोबत घेतले. चिमटा काढून ट्रेमध्ये ठेवायचा, हात धुवायचे, रुग्णाच्या अंगावर जखम किंवा संसर्ग नसेल तर उघड्या बोटांनी पूर्ण एक मिनिट नाडी बघायची, आणि मग चिमट्याचा आकडा ताडून बघायचा. पहिल्या दिवशी त्यांना मनगटावरची जागाच सापडेना. अंगठ्याच्या बाजूला, हाडाच्या आतल्या खोबणीत, फार दाबू नका, स्वतःच्याच बोटाची नाडी मोजाल. एकीला एका क्षयाच्या रुग्णाजवळ जायची भीती वाटली, तिला मास्क चढवून यायला सांगितले आणि मी थांबले. एका आजीने नाडी बघून झाल्यावर त्या पोरीचा हात सोडला नाही आणि तिच्या लग्नाची चौकशी सुरू केली, त्यात पाच मिनिटे गेली. त्या पाच मिनिटांत आजींच्या घोट्यांना सूज आहे आणि सूज उतरवणारी पाण्याची गोळी त्या गुपचूप उशीखाली ठेवतात, एवढे मुलीला कळले. केस पेपरवर तिने ते लिहिले, आणि राउंडला डॉक्टरांनी विचारल्यावर सांगितलेही तिनेच.

ड्यूटी लिस्टमध्ये मी दोन ओळी वाढवल्या आहेत. एक सकाळच्या नाडीची, हाताने, नावासकट. दुसरी ऑक्सिजनची, म्हणजे कोणत्या पाळीत कोण प्रवाह बघणार ते. दुसरी ओळ कोविडमध्ये होती आणि नंतर छापील नमुन्यातून गेली, ती मी पेनाने लिहिते. अधिसेविका मॅडमच्या टेबलावर लिस्ट सहीला गेली तेव्हा त्यांनी चष्मा वर करून विचारले, ‘हे कोणत्या परिपत्रकाने?’ परिपत्रक नाही म्हणून सांगितले. ‘माणूस वाढवून मागणार असाल तर आधीच सांगते, मिळणार नाही.’ मागणार नाही, आहेत त्यांच्यातच बसवते म्हटले. त्यांनी थोडा वेळ कागद बघितला, सही केली आणि म्हणाल्या, ‘राहू द्या. पण तपासणीला कोणी आलं तर उत्तर तुम्ही द्यायचं, माझ्याकडे पाठवायचं नाही.’